पॅनेल उघडल्याने गाडी बिघडत नाही

‘बाईकचं पॅनेल घरी उघडू नका. एकदा काढलं की फिटिंग परत बसत नाही, लॉक तुटतात, वायरिंग बिघडतं, वॉरंटी जाते.’ पावसाळा तोंडावर आला की हा मेसेज ठाण्यात हमखास फिरतो. पॅनेल म्हणजे गाडीच्या अंगावरची प्लास्टिकची कव्हरं. मग नुसता फ्यूज गेला तरी लोक गाडी ढकलत गॅरेज गाठतात. हे बघवत नाही, म्हणून लिहितोय.

वॉरंटीचं आधी संपवतो. बहुतेक गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्येच बॅटरी आणि फ्यूज कुठे आहेत, तिथवर कसं पोचायचं, हे चित्रांसकट दिलेलं असतं. कंपनीनेच सांगितलेलं काम केल्याने वॉरंटी कशी जाईल? वाद होतो तो वायर कापून जादा लाइट जोडल्यावर.

लॉक तुटतात, हे खरं. पण ते उघडल्यामुळे नाही, तिरकं खेचल्यामुळे. साइड कव्हरच्या मागचे प्लास्टिकचे खुंट फ्रेमवरच्या रबरी बुशात, म्हणजे रबराच्या कड्यात, बसलेले असतात. खुंटाजवळ धरून कव्हर सरळ बाहेर ओढायचं. कपाटाच्या दारासारखं एका बाजूने उघडायला गेलात की खुंट मुळातून मोडलाच. पॅनेल अडत असेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलेला असतो, बऱ्याचदा सीटखाली. बसवताना बुशाला साबणाचं पाणी लावा, खुंट अंगठ्याच्या दाबाने आत जातो. ऑइल नको, काही रबरं तेलाने फुगतात.

आता ‘फिटिंग परत बसत नाही’. हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला की बाकीची भोकं सरकतात, एवढंच त्यामागचं कारण. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-दोन आटे धरवा, गॅप सारखी करा, मग पाना लावा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी हलकेच उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडल्याचं बोटांना कळतं, मग सुलटा घ्या. सरळ नवे आटे पाडत गेलात तर भोक ढिलं होणारच.

आणखी एक बारीक वस्तू जपा. बऱ्याच पॅनेलच्या भोकात रबर असतं आणि त्या रबरात धातूची छोटी नळी. बोल्ट त्या नळीवर आवळला जातो, प्लास्टिकवर नाही. ऐरोलीत आमच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या पॅनेलला भोकाभोवती केसाएवढ्या चिरा होत्या. बोल्ट काढून पाहिला तर आत नळीच नव्हती. पॅनेल काढताच नळ्या डबीत टाका आणि काढण्याआधी फोनवर फोटो घ्या.

वायरिंगची भीती दोन सवयींनी जाते. चावी बंद ठेवायची, आणि इंडिकेटरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, त्याचं लॉक दाबून काढायचा, वायर धरून नाही.

उलट न उघडण्यानेच नुकसान होतं. घोडबंदर रोडचा चिखल कव्हरमागे साचून ओला राहतो, बॅटरीचे टर्मिनल आणि फ्रेमचे कोपरे गंजतात. पावसाळा संपल्यावर साइड कव्हरं काढून ओल्या फडक्याने पुसावंच.

टाकीला मात्र हात लावू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलची लाइन दाबाखाली असते. ते काम मेकॅनिकचंच.