हुशार दिसायचंय? सिग्मा म्हणा!

पुण्यात चारचौघांत हुशार दिसायचं असेल तर आधी सिग्मा शिकून घ्या. शिकून म्हणजे समजून नाही हं, नुसता म्हणायला शिका. या एका ग्रीक अक्षराचे इतके अर्थ आहेत की कुठेही टाकलं तरी समोरच्याला वाटतं, हा माणूस आपल्यापेक्षा दोन इयत्ता पुढचा दिसतोय. फक्त "कुठला सिग्मा?" असं आपण कधी विचारायचं नाही, आणि दुसऱ्याने विचारलं तर त्याच्याकडे बघून दयेने हसायचं.

सुरुवात सोसायटीच्या मीटिंगपासून करा. एक्सेलमधलं बेरजेचं बटण म्हणजे मोठा सिग्मा, त्यामुळे मेंटेनन्सची बेरीज केली म्हणायचं नाही, सिग्मा काढला म्हणायचं, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. इंजिनिअरिंगच्या पोरांत बसलात तर सिग्मा म्हणजे स्ट्रेस, बळ भागिले क्षेत्रफळ (सबमिशनच्या आठवड्यात दोन्ही अर्थांनी चालतो). केमिस्ट्रीवाले भेटले तर दोन अणूंमधला पहिला बाँड सिग्मा, पाय (π) बाँड मागून येतो. बॅक्टेरियातही एक सिग्मा असतो म्हणे, कुठला जीन वाचायला सुरुवात करायची ते आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे जीन वाचणाऱ्या एन्झाइमला, दाखवणारा, पण एवढं खोलात गेलात तर लोक उठून जातील.

खरी मलई चाकण-तळेगावकडे. तिथल्या कारखान्यांत सिक्स सिग्मा म्हणायचं, म्हणजे मालातले दोष कमी करायची पद्धत. इथून पुढचा सिग्मा म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन, आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पसरतात त्याचं माप; जितके जास्त सिग्मा लांब, तितकी ती गोष्ट नुसत्या योगायोगाने घडणं दुर्मीळ. १९८६ साली मोटोरोलात बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरने हे काढलं, पुढे १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकचा (जीई) प्रमुख जॅक वेल्शने आपल्या कंपनीत त्याचा धर्मच करून टाकला, आणि आता आपल्याकडे ज्याने आयुष्यात कराटेचा क्लास लांबूनही बघितला नाही तोसुद्धा सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट असतो. आकडा पाठ करा, दहा लाखांत ३.४ दोष. आता गंमत अशी की खऱ्या गणिताने सहा सिग्मा म्हणजे एक अब्जात फक्त दोनच्या आसपास, पण प्रोसेस हळूहळू दीड सिग्मा सरकते असं आधीच धरून चालतात, म्हणजे ३.४ हा आकडा येतो तो साडेचारचा. पाटी सहाची, माल साडेचारचा! हे ट्रेनिंगमध्ये मात्र बोलू नका, तिथलं जेवण चांगलं असतं.

विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडे फिरकलात तर तिथली मंडळी पाचावरच समाधानी आहेत. ४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन हा कण जाहीर केला तो पाच सिग्मावर, म्हणजे नुसत्या योगायोगाने तसं दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. गुरुत्वीय लहरींचंही तेच, सिग्नल आला १४ सप्टेंबर २०१५ ला, त्या कामात आयुकाचे लोकही होते, आणि ५.१ सिग्मा हातात असून जगाला सांगितलं फेब्रुवारी २०१६ मध्ये! किती हे मागासलेपण. आपल्याकडे त्याच संध्याकाळी पीपीटी गेली असती, केकसकट. तेव्हा त्यांना बिनधास्त सांगा की आमच्या ब्रेक पॅडच्या लाइनवर सहा आहे. (वरचा साडेचारचा हिशोब त्यांना येत असला तर मात्र घाईत असल्याचं दाखवून निघा.)

शेअर बाजारात सिग्मा म्हणजे व्होलॅटिलिटी, भाव किती वरखाली होतात ते, आणि इथे तो सगळ्यात उपयोगी पडतो कारण इथे तो दोष आपल्यावरून काढून थेट विश्वावर ढकलतो. ऑगस्ट २००७ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेचे फंड आपटले तेव्हा त्यांच्या सीएफओने, म्हणजे पैशांचा कारभार बघणाऱ्या डेव्हिड व्हिनियरने, सांगितलं की आम्ही सलग काही दिवस २५ सिग्माच्या हालचाली बघतोय. मॉडेलच्या हिशोबाने अशी एक हालचाल बघायला विश्वाचं वयही पुरत नाही, यांना ओळीने दिसल्या. मॉडेल चुकलं असं म्हणायचं नसतं ना. तुम्हीही ऑप्शनमध्ये गाडीचं डाउनपेमेंट घालवलंत की घरी हेच सांगा, बायको शांत होईलच असं नाही, पण निदान भांडण मराठीतून ग्रीकमध्ये जाईल.

राहिला तो रीलवाला सिग्मा मेल, एकटा लांडगा वगैरे. डबा आई भरून देते, पण असो. लग्नाच्या बायोडेटात एवढा मात्र लिहू नका, मुलगी फर्ग्युसनची स्टॅट्सवाली निघाली तर पहिल्याच कॉफीला विचारेल, सिग्मा कळला, सरासरी किती?