बात्रांना टायगर हिल उसनी कशाला?

२६ जुलै, म्हणजे कारगिल विजय दिवस, जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘२४ वर्षांच्या कॅप्टन विक्रम बात्रांनी एकट्याने टायगर हिल जिंकली, माथ्यावर तिरंगा रोवला आणि “ये दिल मांगे मोर” म्हणत प्राण सोडला.’ यातलं वय बरोबर आहे. बाकीचं एकेक करून बघू.

आधी टायगर हिल. कारगिल युद्धात ती घेतली १८ ग्रेनेडियर्स या पलटणीने, जोडीला ८ शीख. ४ जुलै १९९९ च्या सुमारास लेफ्टनंट बलवान सिंह यांची घातक प्लाटून, म्हणजे हल्ल्यासाठी निवडलेली खास तुकडी, दोर लावून उभ्या कड्यावरून वर चढली. अवघ्या १९ वर्षांचे योगेंद्रसिंह यादव त्याच तुकडीतले. बात्रा १३ जम्मू-काश्मीर रायफल्सचे, आणि त्यांची पलटण तेव्हा मश्कोह खोऱ्यात पॉइंट ४८७५ या शिखरासाठी लढत होती. घोटाळा का होतो तेही उघड आहे. टायगर हिल श्रीनगर-लेह रस्त्यावरून दिसते, टीव्हीवर सारखी दाखवली गेली, नावही भारदस्त. पॉइंट ४८७५ हा नुसता मीटरमधल्या उंचीचा आकडा. तो कोण लक्षात ठेवणार?

‘ये दिल मांगे मोर’ हे शेवटचे शब्दही नव्हेत. शीतपेयाच्या जाहिरातीतली ही ओळ बात्रांनी आपला ‘फत्ते’चा संकेत म्हणून आधीच ठरवली होती. २० जूनच्या पहाटे द्रास भागातलं पॉइंट ५१४० हाती आलं, तेव्हा ती वायरलेसवरून खाली कमांडिंग ऑफिसर योगेशकुमार जोशींना ऐकू आली. त्यानंतर बात्रा टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर हसत बोलले, लेफ्टनंटचे कॅप्टन झाले, पुढच्या मोहिमेवर गेले.

आता ‘एकट्याने’. मला सगळ्यात खटकतो तो हाच शब्द. पॉइंट ५१४० वर दोन कंपन्या चढल्या होत्या: एक लेफ्टनंट संजीव जामवाल यांची, दुसरी बात्रांची. जामवाल यांचा संकेत होता ‘ओ या, या, या’, आणि तो बात्रांच्या संकेताच्या तासभर आधी आला होता! हे त्या मजकुरात कधीच येत नाही. बात्रांनी कंपनी वळसा घालून पूर्वेच्या अंगाने वर नेली, म्हणजे शत्रूला अचानक गाठता यावं. मशीनगनचा मारा चुकवत ते जवळ पोचले आणि हातघाईत त्यांनी स्वतः चौघांना मारलं. शिखर घेताना पलटणीने एकही जवान गमावला नाही. सोळा हजार फुटांच्या वर, रात्री, अंगावर गोळ्या येत असताना माणसं न गमावता शिखर घेणं, ही ऑफिसरची खरी कमाई. ज्याला जवान लागतच नाहीत, त्याने नेतृत्व केलं तरी कुणाचं?

पॉइंट ४८७५ चीही गोष्ट तशीच. ४ जुलैला तिथेच, त्याच पलटणीच्या रायफलमन संजय कुमार यांनी परमवीर चक्र मिळवलं. १७ जाटचे कॅप्टन अनुज नय्यर याच लढाईत पडले. ७ जुलैला बात्रांच्या कंपनीपुढे एक अरुंद धार होती, दोन्हीकडे तुटलेले कडे आणि जायला ती एकच वाट. ते सगळ्यात पुढे होते. पाच जणांना अगदी जवळून मारल्यावर स्वतः जबर जखमी झाले, तरी सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्ब फेकले. तिथेच त्यांना वीरमरण आलं. मागून आलेल्या जवानांनी हल्ला तडीस नेला.

एवढं सांगितल्यावर ग्रुपवर उत्तर येतं, ‘अहो, भावना बघा, तपशील काय घेऊन बसलात!’ भावना नेमक्या कुणाच्या? टायगर हिलवर अंगावर गोळ्या झेललेले यादव त्या लढाईतून जिवंत परतले आणि त्यांनी ती स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे. मजकूर पाठवायचाच असेल तर ‘टायगर हिल’च्या जागी ‘पॉइंट ४८७५’ लिहा. त्याला आता बात्रा टॉप म्हणतात. आणि ‘एकट्याने’ व ‘“ये दिल मांगे मोर” म्हणत’ तेवढं खोडा.