सत्तावीस नंबर

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास बीड बायपासवर दोन मोटरसायकली माझ्या कारच्या दोन्ही बाजूंनी सूं करून निघून गेल्या. हेल्मेट नाही, पायात चपला, मागच्याच्या हातात मोबाईल. घरी येऊन पडलो तरी झोप लागेना. राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या वयात माझ्या मनगटातही हीच रग होती. मला वेळेवर एक मुरमाड शेत, शर्यतीवर नजर ठेवणारा एक कडक मार्शल आणि सत्तावीस नंबर भेटला. त्या पोरांना यातलं काहीच भेटलेलं नाही.

सत्तावीस नंबर म्हणजे जालन्याचा माझा मित्र. आमच्यात, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती करणाऱ्यांत, माणसाचं नाव नंतर कळायचं, आधी गाडीवरचा नंबर कळायचा. माझ्या फोनमध्ये तो आजही 'सत्तावीस जालना' म्हणूनच आहे आणि त्याच्या फोनमध्ये मी 'नऊ नंबर'. त्याच्या आई मलाही "नऊ, जेवून जा रे" म्हणायच्या.

1999 चा मे महिना. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये आम्ही पंधरा-वीस जण होतो. कुणी वाळूजला कामाला, कुणी गॅरेजवर, कुणी माझ्यासारखा डिप्लोमाला. आमचे वडील वाळूजच्या एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होते. 1985 ला बजाजचा प्रकल्प वाळूजला आला आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांत इंजिनाची भाषा जेवताना बोलली जाऊ लागली. शर्यतीसाठी करमाडच्या पुढं एका शेतकऱ्याचं पडीक रान मिळायचं. काळ्या मातीत शर्यत होत नाही, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूमच लागतो. जेसीबी भाड्यानं आणून तीन जंप आणि दोन बर्म, म्हणजे वळणावरचे मातीचे चढते कठडे, करायचे, वळणांवर जुने टायर आणि कडब्याच्या पेंढ्या. प्रवेश फी दीडशे रुपये.

गावातली माणसं शंकरपटाला यावीत तशी यायची. बाया लिंबाखाली, पोरं बांधावर, म्हातारी माणसं थेट सुरुवातीच्या रेषेपाशी. एका आजोबांनी माझ्या गाडीभोवती फेरी मारली, सायलेन्सरवर काठी टेकवली आणि विचारलं, "जोड कुठली म्हणायची ही?" मी सांगितलं, औरंगाबादची. "खायला काय घालता?" पेट्रोलात तेल, म्हणलं. त्यांनी मान डोलावली. त्यांना सगळं नीट समजलं होतं.

आता मूळ गोष्ट. माझी गाडी आरएक्स 100. सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ती सुरेख पळाली. दुपारी तीनला फायनल. ऊन 42 च्या वर गेलेलं, आणि सरावाच्या लॅपला गाडी घोगऱ्या आवाजात अडखळायला लागली. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी वर चढेना. मी पॅडॉकमध्ये, म्हणजे आंब्याच्या सावलीत, येऊन इंजिनाचा स्पार्क प्लग काढला. ओला आणि काळाकुट्ट. शेजारी सत्तावीस नंबर चेनला तेल सोडत बसला होता. तोवर आमचं बोलणंही झालेलं नव्हतं. सकाळी त्यानं मला आतून मारून ओव्हरटेक केलं होतं आणि मी त्याच्यावर खार खाऊन होतो.

त्यानं प्लगकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुदमरू राहिली तुझी गाडी. मेन जेट एक नंबर उतरव." खिशातून काड्यापेटी काढली. आत कापसात पितळेचे चार जेट होते. त्यातला एक त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.

ज्यांनी टू-स्ट्रोक गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण याच्यातच सगळं आहे. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा तुकडा, त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. उन्हानं हवा विरळ होते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येतं तेवढंच येतं, त्याला हवा मात्र कमी पडते. मिश्रण दाट झालं की गाडी गुदमरते. मग जेट लहान करून पेट्रोल कमी करायचं. पण जेट गरजेपेक्षा लहान झाला तर उलटं होतं, मिश्रण पातळ पडतं आणि पिस्टन तापतो. आम्ही ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलातच टू-टी तेल मिसळायचो, त्यामुळे पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी जायचं. भर वेगात पिस्टन सिलिंडरला चिकटला तर मागचं चाक जागच्या जागी आवळतं आणि माणूस फेकला जातो. म्हणजे ज्याला हरवायला मी आलो होतो, त्याच माणसाच्या शब्दावर मी माझं हाडूक ठेवणार होतो.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना मामू म्हणायचे, त्यांना मी बाजूला घेऊन विचारलं. मामूंनी जेट उन्हात धरला, भोकातून पाहिलं आणि म्हणाले, "लगा दे बेटा. लडका सही बोल रहा है."

जेट लावला. फायनलला सुटलो. पहिल्या लॅपला डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरच होती, चाक आवळलंच तर लगेच क्लच दाबता यावा म्हणून. गाडी मात्र मोकळी झाली होती, गळ्यातला घास खाली उतरावा तशी. तिसऱ्या लॅपला मोठ्या जंपच्या आधी माझ्या लक्षात आलं की मी बोटं कधीच काढून घेतली आहेत.

पुण्याहून खरे नॉबी, म्हणजे मातीत पकड घेणारे मोठ्या गुट्ट्यांचे, टायर घालून आलेला एक जण पहिला आला. सत्तावीस दुसरा, मी तिसरा. संध्याकाळी मी त्याला विचारलं, मला कशाला सांगितलंस? तो म्हणाला, "आता प्लग डोळ्यांनी पाहिल्यावर गप कसं बसायचं?" सळईच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा माणूस, पाळी बदलून शर्यतीला आलेला. ते जेट त्यानं दोन वर्षं वेगवेगळ्या उन्हात गाडी पळवून, प्लग पाहून-पाहून ठरवले होते.

त्यानंतर किती शर्यती झाल्या, कोण कितवा आलं, यातलं मला निम्मंही आठवत नाही. ट्रॉफ्या आईनं एका मोठ्या डब्यात घालून माळ्यावर टाकल्यात. आठवतं ते रात्रीचं. ट्रकच्या हेडलाइटमध्ये परळीच्या एका भिडूचं इंजिन सहा जणांनी मिळून खोललं होतं. त्यातले चार जण सकाळी त्याच्याच विरुद्ध पळणार होते. कुणाच्या तरी घरून आलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा आम्ही ग्रीसच्या हातांनी खाल्ला. माझं कॉलरचं हाड मोडलं तेव्हा घाटीच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, वॉर्डात तीन रात्री आळीपाळीनं झोपलेली माणसंही याच आंब्याखालची.

आणि 2016 आठवतं. ट्रॅकवर धूळ उडू नये म्हणून पाणी मारावं लागतं. धुळीत पुढचा दिसत नाही, अपघात त्यातूनच होतात. दोन दिवसांच्या शर्यतीला आम्हाला सहा-सात टँकर लागायचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आमच्या शेतकरी मालकाच्या विहिरीचा तळ दिसत होता. आम्ही चहाच्या टपरीवर जमलो आणि दहा मिनिटांत शर्यत रद्द केली. कुणीही वाद घातला नाही, आणि या गोष्टीचा मला कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त अभिमान आहे.

सत्तावीसनं तोवर कारखाना सोडून स्वतःचा टँकर घेतला होता. तो उन्हाळाभर अंबड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर पाणी नेत होता. रविवारी आम्ही दोघं-तिघं त्याच्याबरोबर जायचो, पाइप धरायचो. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि काठावर बाया पोहरे घेऊन उभ्या असायच्या. ज्याला वळणावर ब्रेक लावताना मी कधी पाहिलं नव्हतं, तो माणूस भरलेला टँकर पहिल्या गिअरमध्ये खड्डे चुकवत नेत होता, झाकणातून पाणी हिंदळून सांडू नये म्हणून. मी शेजारी बसून बघत होतो. त्याच्यासारखी गाडी चालवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणून बायपासवरची पोरं पाहिली की मला पोलिसांचा दंड आधी आठवत नाही. दंड व्हायलाच हवा. तो रस्ता दूधवाल्याचाही आहे आणि रात्रपाळीहून घरी जाणाऱ्याचाही. पण दंड भरून पोरगं दुसऱ्या रस्त्यावर जातं. तिथं त्याचं हेल्मेट तपासणारा कुणी नाही, चेनचं लॉक बघणारा नाही, पिवळा झेंडा दाखवून "हळू, पुढे माणूस पडलाय" सांगणारा नाही. शर्यत संपली की दोघं दोन दिशांना पळतात. त्यांची दोस्ती व्हायला जागाच नाही.

जागा कशी होते हे मद्रासवाल्यांनी दाखवलंय. तिथल्या हौशी लोकांनी 1953 मध्ये क्लब काढला आणि शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर ते शर्यती घेऊ लागले. 1990 ला त्यांनी इरुंगाट्टुकोट्टईला क्लबचा स्वतःचा ट्रॅक उभा केला. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचं इंजिन घालून छोट्या फॉर्म्युला गाड्या बांधल्या. त्याच गाड्यांतून सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन 2005 ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला, पहिला भारतीय. आपल्याकडून असा कुणी निघेल म्हणून मी हे सांगत नाही. धावपट्टीवर झेंडे धरणाऱ्या हौशी माणसांनी चिकाटीनं जमीन मिळवली, एवढंच मला त्यातून घ्यायचंय. वाळूजला मोटरसायकल बनते, शेंद्र्याला कार बनते, आणि ती बनवणाऱ्यांच्या पोरांना पळवायला बायपास, हे मला सहन होत नाही.

आम्ही जुने सात-आठ जण पुन्हा जमलोय. या वेळी सगळं रीतसर करायचं आहे, मोटरस्पोर्टच्या महासंघाची परवानगी, विमा, जागेवर रुग्णवाहिका, आणि पाणी फक्त पावसाळ्यात भरलेल्या शेततळ्यातलं. शर्यतही दिवाळीनंतरच, उन्हाळ्यात नाही. त्यासाठी सहा-सात एकर मुरमाड पडीक रान भाड्यानं हवंय, जालना रोड किंवा पैठण रोडच्या बाजूला. गुरांची वाट मधून नको, आणि रुग्णवाहिका शेवटच्या वळणापर्यंत जाईल एवढा रस्ता हवा. कुणाच्या पाहण्यात असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. रविवारी सकाळी सत्तावीस जालन्याहून निघतोय, मी इकडून. त्याचा पोरगा यंदा अठराचा झाला, तोही येतोय.