कोलारच्या रेल्वेबद्दल पसरलेल्या थापा

भाचीने शाळेच्या प्रकल्पात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर उतरवून काढला, म्हणून हे लिहावं लागतंय. मजकूर म्हणतो: कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्यासाठी इंग्रजांनी बोरीबंदर-ठाण्याच्याही आधी रेल्वे टाकली, रोज लुटलेल्या सोन्याने भरलेले डबे मद्रासला जायचे, १९०२ साली तिथे देशातली पहिली विजेची गाडी धावली, २००१ साली खाणी मिटल्या आणि गाडीही संपली.

पहिला दावा एका ओळीत निकालात निघतो. बोरीबंदरहून गाडी सुटली १८५३ साली. बौरिंगपेट (आताचं बंगारपेट) ते मारिकुप्पम हा कोलारच्या खाणींकडे जाणारा १० मैलांचा रेल्वेफाटा १८९४ चा, आणि तो म्हैसूर संस्थानाच्या मालकीचा होता. जुन्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये म्हैसूरचं प्रकरण उघडा, तिथे हा फाटा सापडेल.

सोन्याच्या डब्यांचं मात्र नीट ऐका. सव्वाशे वर्षांच्या आसपास चाललेल्या या खाणींतून एकूण सोनं निघालं सुमारे ८०० टन. म्हणजे सरासरी वर्षाला सात टनसुद्धा नाही. वर्षभराचं सोनं एका मालडब्यात मावलं असतं! दगड तिथेच भरडून, सायनाइडने धुऊन सोनं काढत. उरलेल्या भुकटीचे डोंगर गावात आजही उभे आहेत. रेल्वे लागली ती यंत्रं, इंधन, लाकूड, धान्य आणि माणसं आणायला. ही माणसं बहुतेक तमिळ भागातली, त्यातही दलित मोठ्या संख्येने. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली ती त्यांच्या हातांनी. मजकुरात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

लुटीचं म्हणाल, तर अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. जॉन टेलर कंपनी ज्यांचा कारभार पाहायची, त्या खाणकंपन्यांचे भागधारक मुख्यतः लंडनचे, मोठा नफा तिकडेच गेला. संस्थानाला रॉयल्टी मिळाली.

१९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र वीजकेंद्रातून वीज आली ती खाणींच्या यंत्रांसाठी. विजेची पहिली गाडी १९२५ साली मुंबईत, व्हीटी ते कुर्ला धावली.

आणि गाडी संपली? खाणी मिटल्यावर पोटासाठी बंगळूर गाठणारे हजारो लोक आजही याच मार्गाने जातात-येतात. मजकूर ज्या ज्या गटात टाकलात, तिथे दुरुस्तीही टाका.