जिवलग माणूस पुरेसे असते का?

मन मोकळे करायला एखादे जिवलग माणूस असले की पैसे मोजून सायकॉलॉजिस्टशी गप्पा मारायची गरज उरत नाही आणि आजीच्या काळी असले आजारही नव्हते, अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. आमच्या नात्यातल्या गटावरही तो आला. माझी धाकटी बहीण त्या वेळी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे उपचार घेत होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आजार नव्हते, हे आधी पाहू. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे आहे. ते राहू द्या, पण 'मंत्रचळ' (म्हणजे आज ज्याला ओसीडी म्हणतात तो आजार) हा शब्द मराठीत कुठून आला? पुन्हापुन्हा हात धुणाऱ्या, सोवळे मोडल्याच्या शंकेने दिवसातून चारदा न्हाणाऱ्या बायका घरोघरी होत्याच; त्यांना कोणी आजारी म्हणत नव्हते, इतकेच.

'नुसत्या गप्पा' हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो, कारण गप्पा आम्ही भरपूर मारल्या होत्या. बहिणीचे हात साबणाने सोलवटले होते आणि दर वेळी ती विचारायची, "ताई, नीट धुतले ना गं?" मी मायेने "हो, अगदी स्वच्छ" म्हणायचे, तिला दहा मिनिटे बरे वाटायचे आणि पुन्हा तोच प्रश्न यायचा. माझे ते उत्तरच आजाराला खतपाणी घालत होते, हे मला उपचार सुरू झाल्यावर समजले. त्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी बहिणीकडून भीतीची उतरंड लिहून घेतली, प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर असे आकडे द्यायला लावले आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली: दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, असह्य वाटते, आणि हात न धुताही हळूहळू ओसरते, हे तिने स्वतः अनुभवायचे होते. मला सांगितले होते की तिने विचारले तरी दिलासा द्यायचा नाही. जिवलग माणसाला हे किती जड जाते, ते मला विचारा. या पद्धतीचा पाया मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली दोन रुग्णांवरील उपचारांच्या वृत्तान्तातून घातला, आणि मंत्रचळावर आज प्रथम सुचवल्या जाणाऱ्या उपचारांत ती आहे.

'चार पुस्तके वाचून कोणीही सल्ला देऊ शकतो' असेही त्या मजकुरात होते. असे सल्ले देणारे आहेत, हे खरे. त्यांच्यापैकी एकाने 'सकारात्मक विचार करा' असे सांगण्यात आमचे आठ महिने घालवले. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे ते नव्हेत. पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., त्यात अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण पाहणे आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, ही त्यांची आजवरची रूढ वाट. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्यांची वेगळी व्याख्या आहे. ते औषधे लिहून देत नाहीत. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. म्हणून पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक विचारावा, त्यात संकोच कसला?

घरातली गोष्ट परक्याला कशाला, या वाक्याचे उत्तर त्याच कायद्याच्या तेविसाव्या कलमात आहे: काही ठरावीक अपवाद सोडले तर गोपनीयता पाळण्याचे बंधन उपचार करणाऱ्यावर आहे. मावशीवर ते नाही.

पैशांचा मुद्दा मात्र मी खोडून काढणार नाही. खासगी उपचारांचा खर्च अनेक घरांना झेपत नाही आणि दर आठवड्याला जावे लागले की तो वाढतच जातो. ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागात चौकशी करावी, किंवा केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.