‘वय अधिक शंभर’ या सूत्राचा प्रतिवाद

सोलापुरातील अनेक घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर रक्तदाबाविषयीचा एक संदेश फिरत असतो. वरचा रक्तदाब वयात शंभर मिळवून येईल तेवढा असणे नैसर्गिक आहे, त्रास होत नसेल तर गोळी नको, गोळीची कायमची सवय लागते, सैंधवाने रक्तदाब वाढत नाही आणि दवाखान्यातला आकडा खोटाच असतो, असे त्यात ठासून सांगितलेले असते.

यातला पहिला दावा सर्वांत घातक आहे. या हिशेबाने सत्तरीच्या आजोबांचा १७० हा आकडा ‘नॉर्मल’ ठरतो. वयाबरोबर मोठ्या धमन्या ताठर होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरे. पण जे सर्रास आढळते ते निरुपद्रवी असतेच असे नाही. शिवाय हा चढ अटळही नाही, कारण ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नसते आणि १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांचा रक्तदाब वयानुसार वाढलेला दिसला नाही. उतारवयात औषधाने काय साधते, याचेही उत्तर मिळालेले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट चाचणीत ऐंशी किंवा त्याहून अधिक वयाचे, वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक असलेले ३,८४५ रुग्ण होते. त्यांपैकी औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. संदेशातले सूत्र मानले असते, तर यांतील अनेकांना औषध द्यायचेच कारण नव्हते.

त्रास होत नसल्याचा मुद्दा तर उलटाच आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू न देता मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचा पडदा पोखरत राहतो, आणि कित्येकांना त्याची पहिली खबर अर्धांगवायूच्या झटक्यानेच मिळते.

गोळीचे व्यसन लागत नाही. ती बंद केली की रक्तदाब पुन्हा चढतो, एवढेच. सोलापूरच्या चाळीस अंश ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, त्यामुळे आकडा काहीसा उतरतो, आणि ‘गोळी सोडली तरी बरा आहे’ असा समज पक्का होतो. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत तोच आकडा वर गेलेला सापडतो. उन्हाळ्यात मात्रा कमी करावी लागू शकते, पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मिठाची आहे. सोलापूरकराला शेंगदाण्याची चटणी सोडा म्हणण्याचे धाडस माझ्यात नाही. ती घरी कुटताना मिठाचा हात आखडता घेता येतो.

शेवटच्या दाव्यात मात्र अंशतः तथ्य आहे. दवाखान्यात काहींचा रक्तदाब चढतो, पट्टा दंडाला लहान पडला तरी आकडा जास्त येतो. म्हणून चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून न बोलता दोनदा मोजावे. घरी काही दिवस असे मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर वय कितीही असो, रक्तदाब वाढलेला आहे असेच धरले जाते.