ऑइल खाली पडतं, गळतं मात्र वरून

महिनाभर पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय, ‘गॅरेजवाल्यांची लूट थांबवा’. त्यात म्हटलंय की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून ऑइल टपकलं म्हणजे मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, क्रँकच्या, मागच्या टोकाचं रबरी सील) गेलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा त्या फंदात पडू नका. 20 डब्ल्यू 50 हे जाड ऑइल भरा, गळती थांबवायची बाटली ओता, पॅकिंगला सिलिकॉन थापा. तरी थोडं गळलंच तर गळू द्या, जुनी गाडी आहे. माझी पिकअप 2009 ची, नारायणगावहून वाशीला टोमॅटो वाहते. यातलं जवळजवळ सगळं मी आधीच करून बसलोय.

‘जोडातून टपकतं म्हणजे क्रँक सील.’ मीही हेच धरून चाललो होतो. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, दोन दिवस भाडं बुडालं आणि दोन महिन्यांत पुन्हा त्याच जागी थेंब. मग दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्ह्याला हातही लावला नाही. डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं, सगळीकडे टाल्कम पावडर उडवली आणि म्हणाले, “जा, वीस किलोमीटर फिरवून आणा.” परत आल्यावर टॉर्च मारून दाखवलं. पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून ब्लॉकवरून उतरत थेट गिअरबॉक्सच्या जोडाशी, बेल हाउसिंगपर्यंत गेलेली. ऑइल उताराने खाली येतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो. म्हणून थेंब पडतो तिथून वर बघत जायचं आणि सगळ्यात उंच ओली जागा धरायची. कव्हर काढलं तर पॅकिंग पापडासारखं कटकन मोडलं. काही शे रुपयांची वस्तू.

थेंब कशाचा, हेही आधी बघा. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. गिअर ऑइल त्यामानाने उजळ आणि त्याला गंधकाचा कुजका वास. बोटावर घेऊन हुंगलं तरी कळतं.

आणि सील खरंच गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली आहे का, ते बघायला सांगा. खाचेवरच नवं सील बसवलं तर पैसे पाण्यात.

‘जाड ऑइल टाका.’ इंजिन गरम झालं की 20 डब्ल्यू 50 हे 15 डब्ल्यू 40 पेक्षा थोडं घट्ट राहतं, त्यामुळे थेंब जरा सावकाश पडतो, एवढं खरं. पण मोडलेलं पॅकिंग त्याने सांधत नाही. उलट जुन्नरकडच्या थंडीत पहाटे चारला स्टार्टर मारला की ते वर टॅपेटपर्यंत पोचायला उशीर लावतं. कंपनीच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच भरा.

‘बाटली ओता.’ तिच्यातलं रसायन कडक झालेलं रबर थोडं मऊ करून फुगवतं. सील नुसतं आखडलं असेल तर काही दिवस फरक पडतो. फाटलेल्या सीलला किंवा कॉर्कच्या पॅकिंगला तिचा काही उपयोग नाही.

‘सिलिकॉन थापा.’ हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. बोल्ट आवळला की बाहेर जितकं दिसतं तितकंच आतही दाबलं जातं. त्याचा तुकडा सुटून चेंबरात, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की ऑइलचं प्रेशर गेलं, आणि मग बेअरिंगही गेलं. पुस्तकात सांगितलं असेल तिथेच लावा, तेही बारीक धारेने. बोल्टही बेताने आवळा. पत्र्याचं कव्हर वाकलं की नवं पॅकिंगही गळतं.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही तो ब्रीदर, इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारा पाइप. माझं पॅकिंग वयाने कडक झालं होतंच, पण त्यातून ऑइल एवढ्या जोरात बाहेर ढकलत होता तो तुंबलेला ब्रीदर पाइप. आतून मलईसारखा काळा गाळ निघाला. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली चेंबरात येतोच. त्याला वाट मिळाली नाही की तो सील-पॅकिंगमधून वाट काढतो. पाइप साफ करा, मग आयडलवर ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धुराचे भपकारे आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कितीही सीलं बदला.

‘थोडं गळू द्या.’ कुठून गळतंय ते कळल्याशिवाय नाही. क्लचप्लेटवर गेलं तर चढाला गाडी नुसती रेस होते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडलं तर आग. ज्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप असतो, तिथे ऑइलचा बारीक पाइप जातो. तो गळला की अल्टरनेटर तर बिघडतोच, पण ऑइलवाचून पंपही झिजतो, आणि ब्रेक हलका लागावा म्हणून असलेल्या ब्रेक बूस्टरला व्हॅक्युम तोच पंप देतो. दोन टन माल घेऊन खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेक दगडासारखा लागला, तर आधी तिथे बघा.